‘ऑर्फन’चं कूळ

१२ जानेवारी

मला ‘ऑर्फन’ आला!

आज कोशाच्या कचेरीत ‘ओ’ अक्षराची डबी फिरली. आमच्याकडे शब्द कुणी निवडायचा नाही, असा चांदणीवाल्यांचा नियम — बिस्किटांच्या जुन्या डबीत चिठ्ठ्या, हात घालायचा, हाताला लागेल त्या इंग्रजी शब्दाचं कूळ शोधायचं, पार पणजीच्या पणजीपर्यंत. शब्द स्वतः निवडला की माणूस त्याच्या प्रेमात पडतो आणि खोटं लिहितो, असं आमच्या या संपादकांचं म्हणणं. कात्रीला ‘ऑरेंज’ आला. तिचा रस्ता सरळ, फारसी-अरबीच्या हातात हात घालून थेट आपल्या नारिंगापाशी. कात्री म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची. सगळ्यांच्या नोंदी कापून मापात बसवणं हे तिचं काम, म्हणून कात्री. जिभेलाही तीच धार.

मी म्हटलं, “बदलून घेतेस?”

चांदणीवाल्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “डबीतलं बदलत नाही, बाई.”

कात्रीने माझी चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, “अगं, हा तर तुझ्या मापाचाच शिवलाय!” मग जीभ चावली. मग स्वतःच उठून माझ्यासाठी चहा घेऊन आली. म्हणजे कचेरीत सगळ्यांना ठाऊक आहे तर.

शेहेचाळीस वर्षांच्या बाईला अनाथ कोण म्हणतं? या वयात सगळ्यांचेच आईबाप जायला लागतात. मी रांगेत जरा लवकर उभी राहिले, इतकंच.

१३ जानेवारी

पहिल्या पायऱ्या सोप्या. इंग्रजीने शब्द घेतला चर्चच्या लॅटिनमधून, लॅटिनने घेतला ग्रीकमधून — ऑर्फानोस. ज्याचं कुणी गेलं, तो. लॅटिनमध्ये या शब्दाची एक सख्खी बहीणही आहे, ऑर्बुस. गंमत म्हणजे या दोघी नुसत्या पोरांपुरत्या नाहीत. मूल गमावलेल्या, पोटचं कुणी जवळ न उरलेल्या आईबापांनाही तोच शब्द चालतो.

ते मला आवडलं नाही. त्यांनी आपला वेगळा शब्द शोधावा की.

१६ जानेवारी

राजे आणि वहिनी आले होते. राजे म्हणजे मामेभाऊ. मामी त्याला लहानपणी ‘माझा राजा’ म्हणायची, तेव्हापासून. तोंडावर मी दादा म्हणते. इथे राजे.

चहा मीच केला, कप मीच नेले. ट्रे खाली ठेवते न ठेवते तोच म्हणाला, “हे घर काढायचं म्हणतोय.” काढायचं म्हणजे विकायचं. मामा गेल्याला वर्ष होत आलं. जाण्याआधी त्याने घर राजेच्या नावावर केलं होतं, ते मला ठाऊक होतं. गिऱ्हाईक मिळालंय, हे आज कळलं. मामीला ते आपल्याकडे नेणार. तिची खोलीही तयार केलीय म्हणे, पडदेसुद्धा नवीन.

मग सगळे आपापल्या कपात बघायला लागले. शेवटी मीच विचारलं, “आणि मी?”

“अगं, तुझं काय! तू लेखिका. तुला कुठेही बसून लिहिता येतं.”

वहिनी म्हणाल्या, “तुमचं एक बरंय वन्सं, पाश नाहीत.”

मी मामीकडे पाहिलं. मामी बशीतला चहा फुंकत होती. तो केव्हाच निवला होता.

१७ जानेवारी

कुठेही बसून लिहिता येतं! सातव्या वर्षापासून मी या स्वयंपाकघरामागच्या खोलीत बसून लिहिते आहे. कोळशाच्या पोत्यांची खोली होती ती. पोती हलवली आणि मला ठेवलं.

२० जानेवारी

आज जर्मनांकडे गेले. आणि हादरले.

ज्या मुळातून ग्रीकांचा अनाथ निघाला, त्याच मुळातून जर्मन भाषेत वारसा निघतो! जुन्या इंग्रजीतही तसंच — वारशाने येणारी मालमत्ता, गुरंढोरं. पंडित सांगतात : बाप मेला, पोर अनाथ झालं, बापाचं सगळं त्याच्याकडे आलं. अनाथ तोच वारस. किती सरळ! किती न्यायाचं!

मग पूर्वेकडे वळले. स्लाव भाषांमध्ये तेच मूळ काय झालं? गुलाम. वेठ. बिनमोबदल्याचं राबणं. जर्मनांचा ‘काम’ हा शब्दही बहुतेक त्याच घरातला. पोरकं पोर ज्याच्या दारात पडलं, त्याने त्याला कामाला लावलं, असा तर्क. शंभरेक वर्षांपूर्वी एका नाटकासाठी यंत्रमाणसाला नाव हवं होतं, तेही त्या वेठीवरूनच घेतलं. रोबोट.

म्हणजे एकाच आजीच्या दोन नाती. एक घरात आली तर तिला किल्ल्या मिळाल्या. दुसरी आली तर तिला बटाटे सोलायला बसवलं.

हे वाक्य मी नोंदीत जसंच्या तसं लिहिलं आहे. राहू दे.

बटाट्यांचं खरं आहे. मामाने मला आणलं तेव्हा मामी ओट्याशी उभी होती. मी दारात, हातात शाळेचं दप्तर — बाकी काही आणायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आईबाबा ज्या गाडीच्या अपघातात गेले, तिथून ते दार, मधलं काहीच मला आठवत नाही. मामी आठवते. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “आधी हात धू. मग इथे बस, हे सोलायचेत.” ना जवळ घेतलं, ना काही. राजे तेव्हा खिडकीच्या खोलीत पतंग चिकटवत होता.

२३ जानेवारी

आज चौकशी झाली. दर आठवड्याला ज्याची नोंद वाचण्याजोगी झाली, त्याने ती मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी फाडून खायची. आज मी.

कात्रीने बटाट्यांचं वाक्य ऐकताक्षणीच पेन्सिल उचलली. “कोशात तुझं रडगाणं नको गं. लोक शब्द बघायला येतात, तुला नाही.”

“हे रडगाणं नाही, अर्थांतर आहे.”

“अर्थांतराला बटाटे लागत नाहीत.”

सगळे हसले. मीही. काय करणार.

पण खरी फजिती पुढे होती. चांदणीवाल्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, उलटला, परत सुलटा केला. “बाई, चांदणी कुठाय?”

विसरले होते! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. जो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, कुणी ऐकल्याचा पुरावा नाही, केवळ लेकी-नातींच्या तोंडावळ्यांवरून ‘आजी अशी असली पाहिजे’ म्हणून आपण बसवलेला, त्याच्या डोक्यावर चांदणी काढायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी ‘ओर्भोस’ हे मूळ तसंच, उघड्या डोक्याने लिहिलं होतं. कालच बाजारात भेटल्यासारखं.

“पाहिलात हा शब्द?” चांदणीवाले.

“नाही.”

“कुणी पाहिलाय?”

“कुणीच नाही.”

“मग तुम्हाला एवढी खात्री कशाची?”

चांदणी विसरणाऱ्याने सगळ्यांना चहा करायचा, हा इथला दंड. केला. कात्री म्हणाली, साखर कमी आहे. चांदणीवाले कप घेताना हळूच म्हणाले, “चांदणी म्हणजे खोटं नव्हे, बाई. चांदणी म्हणजे अजून पाहिलं नाही.”

२४ जानेवारी

शब्दाला चांदणी लावीन. मामीला लागत नाही. मामीला मी कधी आवडले नाही, हे कुणाच्या तोंडावळ्यावरून बसवलेलं नाही. त्या घरात मी राहिले आहे. मी पाहिलं आहे.

कुणी नवीन माणूस घरी आलं की विचारायचं, “ही कोण?” मुलगी म्हणायला हरकत नव्हती. भाची म्हणता आलं असतं, खरंच होतं ते. मामी कधीच म्हणाली नाही. नेहमी एकच वाक्य : “ही आमच्याकडे असते.”

ही आमच्याकडे असते. छत्री असते तशी. कपाटावरची रिकामी बॅग असते तशी.

राजे तिला तू म्हणतो. मी तुम्ही म्हणते. मला कुणी तसं शिकवल्याचं आठवत नाही. शिकवावं लागलंच नाही.

२७ जानेवारी

गिऱ्हाईक घर बघून गेलं. नवरा-बायको, दोघेही वाकून वाकून नळ उघडत होते. माझ्या खोलीत आले, मी टेबलाशी बसलेली. बाई नवऱ्याला म्हणाली, “इथे वॉशिंग मशीन मावेल.”

मी पाय जवळ घेतले.

३० जानेवारी

आज मामीला सरळ विचारलं. सगळा धीर एकवटून. ती पालेभाजी निवडत होती, मी समोर बसले, चार काड्या हातात घेतल्या.

“मामी, तुम्ही दादाला काहीच सांगणार नाही?”

“काय सांगू?”

“की मी... माझं पण हे घर...” आयुष्यभर वाक्यं पुरी करून पोट भरलं, आणि हे एक पुरं होईना.

मामीने कुजकं पान बाजूला काढलं. “घर त्याच्या नावावर. उद्या मला त्याच्याच दारात बसायचंय.” मग पुढची काडी उचलत, “मला तरी कुणी विचारलंय?”

बघा. विषय माझा, आणि पडलंय स्वतःचं.

मी उठले. ती मागून म्हणाली, “त्या चार काड्या घेऊन कुठे निघालीस? टाक इकडे.”

२ फेब्रुवारी

खोली मिळाली. छापखान्याच्या वर, दुसरा मजला. घरमालकीण शेजारीच राहते. “एकट्या बाईसाठीच हं,” तिने बजावलं. “मागून माणसं वाढलेली मला चालत नाहीत.” मी म्हटलं, “माझ्याकडे वाढायला माणसंच नाहीत.” तिला ते फार आवडलं.

दुपारी कचेरीत संस्कृतकडे वळले. सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, घरचं म्हणून. वेदांमधला ‘अर्भ’ — लहान, दुबळा, लेकरू. त्यावरून अर्भक. आपलं अर्भक! वर्तमानपत्रात कचराकुंडीपाशी सापडतं ते.

इतक्या भाषा त्या पोराला वारस म्हणाल्या, गुलाम म्हणाल्या, पोरकं म्हणाल्या. एकट्या आपल्या भाषेने त्याचं काय गेलं, त्याला काय मिळालं, काही विचारलं नाही. नुसतं पाहिलं — केवढंसं आहे!

नोंदीत हे लिहिलं नाही. कात्री आहेच.

७ फेब्रुवारी

निघाले.

टेबल, पुस्तकांची खोकी, गादी. टेम्पोवाला खालून हाका मारत होता. राजे आला नाही, त्याला काम होतं. वहिनींनी फोन केला, “काही लागलं तर हक्काने सांगा हं वन्सं.” हक्काने!

मामी खोलीत होती. दार लावून. मी बाहेर उभी राहिले. आत कपाटाचं दार उघडत होतं, मिटत होतं, परत उघडत होतं. काहीतरी शोधत असावी. तिलाही आवराआवर करायची होती म्हणा, पुढच्या आठवड्यात राजे तिला नेणार. म्हटलं, “मामी, मी निघते.” कपाटाचा आवाज थांबला. मी थांबले. परत सुरू झाला.

दारापर्यंतसुद्धा आली नाही.

जिना उतरताना वाटलं, गुडघे दुखतात तिचे, तिसऱ्या मजल्यावरून कशी उतरेल भाजीला. मग लक्षात आलं, तो आता माझा प्रश्न नाही. बरं वाटायला हवं होतं.

८ फेब्रुवारी

चहा एका माणसाचा करता येत नाही मला. दोन कप होतो.

१५ फेब्रुवारी

खोली चांगली आहे. हे मी स्वतःला रोज सांगते, म्हणजे लिहून टाकावं. खिडकी रस्त्याकडे. खाली यंत्र सुरू झालं की टेबल बारीक थरथरतं, अक्षर हलतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खोलीला खिडकी आहे आणि बघायला वेळ आहे आणि मी बघते काय, तर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या उशा.

एक आठवण येते, नको तेव्हा. आठ-नऊ वर्षांची असेन. ताप उतरत नव्हता. डोळे उघडले की पलंगाशेजारी, जमिनीवर, मामी. चटईसुद्धा नाही. हात वर करून माझ्या पायावर ठेवलेला, आणि तशीच झोपलेली.

नर्सही एवढं करते. त्यात काय.

आणि वेणी? केस इतके ओढून बांधायची की डोळे तिरपे व्हायचे. शाळेत चिनी म्हणायचे मला. रोज सकाळी, दहावीपर्यंत, एक दिवस चुकवला नाही तिने.

वेणी काय, कुणीही घालतं.

२२ फेब्रुवारी

राजेचा फोन. इकडचं तिकडचं. मग — “आई जेवत नाही गं नीट.”

“का?”

“कुणास ठाऊक. काही विचारलं की ‘बरंय’ म्हणते. तू येतेस का दोन-चार दिवस राहायला? तुला तिची सवय आहे.”

तुला तिची सवय आहे! घर विकलं, मशीन बसवायला जागा केली, आणि जुना रोबोट दोन-चार दिवसांसाठी हवाय.

“मला काम आहे, दादा,” मी म्हटलं. “कोशाचं.”

“अगं, ते तर कुठेही बसून—”

फोन ठेवला. नोंद पुढे ओढली. खाली यंत्र बंद होतं, तरी अक्षर हललं.

१ मार्च

गेले शेवटी. राहायला नाही. मामीची कुठली गोळी कधी, ते त्यांना कळेना, समजावून सांगायला.

वहिनींच्या मैत्रिणी आल्या होत्या. बैठकीत बशा, हसणं. मामी दाराजवळच्या खुर्चीत, चपलांच्या मांडणीशेजारी. इस्त्रीची साडी, हात मांडीत. ते हात मी कधी रिकामे पाहिले नव्हते. ओळखूच आले नाहीत. स्वयंपाकघरात जाऊ देत नाहीत म्हणे. पडतील, भाजून घेतील. काळजीपोटीच, त्यात खोटं काही नाही. पडदेही खरंच नवीन आहेत.

एका मैत्रिणीने विचारलं, “ह्या कोण?”

वहिनी बशी पुढे करता करता म्हणाल्या, “सासूबाई. सध्या आमच्याकडे असतात.”

मामीने मान वर केली. वहिनींकडे नाही. माझ्याकडे. तेच वाक्य, तिचं स्वतःचं, तिला आयुष्यात पहिल्यांदाच ऐकू आलं असावं.

आणि मला आनंद झाला. इथे दुसरं कुणी वाचत नाही म्हणून लिहिते — झाला. चांगला पोटभर झाला. रस्त्यावर येईपर्यंत टिकला.

निघताना मी चपला घालत होते, तिच्याच शेजारी. ती हळू आवाजात म्हणाली, “तुझी खोली कुठेशी आहे?”

“छापखान्यावर. दुसरा मजला.”

“जिना कसाय?”

“उंच पायऱ्या आहेत.”

“कठडा?”

“आहे.”

“हं,” म्हणाली. आणि मग, “वाळलीस.”

एवढंच. तीन आठवड्यांनी भेटले, आणि काय तर जिना.

५ मार्च

‘ऑर्फन’ अजून सुटलेला नाही. चांदणीवाल्यांनी नोंद परत केली. सर्वांत जुनं घर राहिलं म्हणाले, हित्तींचं — आजच्या तुर्कस्तानात साडेतीन हजार वर्षांपूर्वी नांदलेल्यांचं. मी ते मुद्दामच टाळलं होतं. ते नातं काही पंडित मानतात, काही नाही.

आज बसले. मजेची गोष्ट आहे. जुन्या शब्दांचा हिशेब जुळेना, तेव्हा विशीतल्या एका मुलाने कागदावर मांडून दाखवलं होतं की इथे काही वर्ण असले पाहिजेत जे पुढे सगळ्या लेकींनी गिळून टाकले. कुणी न पाहिलेले, न ऐकलेले. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी जमिनीतून निघालेल्या मातीच्या पाट्या वाचल्या गेल्या, हित्तींच्या. आणि जिथे असायला हवा होता तिथेच तो घशातला वर्ण बसलेला! नुसत्या अंदाजाने बसवलेली आजी हाडामांसाची निघाली.

माझ्या शब्दाच्या सुरुवातीलाही तोच वर्ण आहे. हित्तींचा शब्द आहे हार्प. त्याचा अर्थ अनाथ नाही. वारस नाही. गुलाम तर नाहीच. अर्थ आहे वेगळं होणं — एका गोटातून निघून दुसऱ्या गोटात जाणं. बाजू बदलणं.

दोनदा वाचलं. मग पंडितांची भांडणं वाचली. मग परत तेच.

म्हणजे सुरुवातीला त्या शब्दात कुणी मेलेलंच नव्हतं? रडणं, किल्ल्या, बटाटे, सगळं मागून आलं? आधी होतं ते फक्त एक माणूस, इकडून तिकडे चालत निघालेलं. त्याला कुणी नेलं की ते स्वतः निघालं, तेवढं मात्र पाट्या सांगत नाहीत. की सांगतात, आणि मला वाचता येत नाही.

कात्रीला सांगितलं. ती ‘ऑरेंज’ संपवून ‘ओव्हन’वर आली आहे. म्हणाली, “मग तू काय स्वतः बाजू बदललीस, की तुझी कुणी बदलली?”

“मी सात वर्षांची होते.”

“तुझं नाही विचारत आहे, शब्दाचं विचारतेय.” पण माझंच विचारत होती.

६ मार्च

नोंद मंजूर! कात्रीने बटाटे काढलेच. हित्तींची ओळ ठेवली. ‘काही अभ्यासकांच्या मते’ हे शब्द चांदणीवाल्यांनी स्वतःच्या हाताने घातले. चांदणी या वेळी मी एवढी मोठी काढली की ते म्हणाले, “बाई, चांदणी आहे, झुंबर नव्हे.”

घरी येऊन दोन कप चहा केला. दोन्ही मीच प्यायले.

९ मार्च

सकाळी दारावर थाप. घरमालकीणच होती, कपाळाला आठ्या. तिच्यामागे, कठडा घट्ट धरून, मामी. पायात घरातल्या सपाता, खांद्याला मामाची जुनी कापडी पिशवी, कोंबून भरलेली. एकटीच आली होती, रिक्षाने. दम लागला होता.

“दादाला सांगून आलात?”

“त्याला काय सांगायचंय,” म्हणाली. माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. टेबल, खिडकी, ओट्यावरचे दोन कप. “हात कुठे धुऊ?”

मी दार अडवूनच उभी. सरकायचं कसं ते पायांना कळेना.

घरमालकीण मध्ये पडली. “मी आधीच बजावलं होतं, एकट्या बाईसाठी. ह्या कोण म्हणायच्या तुमच्या?”

मी तोंड उघडलं.

मामीच तिच्याकडे वळली. पदर सारखा केला.

“मी हिच्याकडे असते.”